माळ्यावरची जुनी लष्करी रायफल: तिचा बोर आणि वय कसं ओळखायचं

आमच्या काकांकडे एक लांबलचक बंदूक होती. दसऱ्याला ती पाटावर यायची, तिला झेंडूची माळ पडायची आणि आत्या दरवर्षी तेच सांगायची, "ही राणीच्या वेळची हो." राणी म्हणजे झाशीची. ग्वाल्हेरला राहणाऱ्या मराठी माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. फूलबागेतली समाधी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि ग्वाल्हेरच्या 'लष्कर' भागातल्या निम्म्या वाड्यांतली बंदूक 'राणीच्या वेळची'च असते.

काका गेल्यावर बंदूक कुणाच्या नावावर करायची हा प्रश्न आला. लायसन्सवर लिहिलं होतं '१२ बोर, एकनळी'. बोर म्हणजे नळीची आतली रुंदी. ती १२ बोरची नव्हती, हे मला शेवटी कळलं. मध्ये आठ महिने गेले, कारण मी सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी शिक्के वाचत बसलो, मग इंटरनेटवर फोटो जुळवले आणि मोजमाप सगळ्यात शेवटी घेतलं. तुम्ही तसं करू नका. खालचा क्रम पाळलात तर दोन दुपारींत काम होईल.

१. ती भरलेली नाही ना, हे आधी बघा

ही पायरी कुणीही गाळू नये. "शंभर वर्षं पडून आहे, त्यात काय असणार?" असं घरातलं कुणी म्हणालंच तर त्याला खोलीबाहेर काढा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुका भरून खुंटीला टांगून ठेवायची रीत होती. रात्री-अपरात्री लागली तर ठासत कोण बसणार? त्यातल्या काही तशाच भिंतीवर राहिल्या.

मागे उघडणारी बंदूक असेल तर मागचा भाग उघडा आणि आत प्रकाश टाकून बघा. मॅगझिन असेल तर ते आधी काढा. ठासणीची असेल तर नळीत वरून काही दिसत नाही, म्हणून काठीची युक्ती वापरायची. बोरात सैल जाईल अशी लाकडी काठी घ्या. लोखंडी गज नको. नळीचं तोंड तुमच्यापासून आणि घरच्यांपासून दुसरीकडे ठेवून काठी तळाला टेकेपर्यंत हलकेच सोडा आणि तोंडापाशी पेन्सिलीने खूण करा. आता ती काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला, खूण तोंडाशी जुळवून धरा. काठीचं टोक रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी बसवतात त्या निपलच्या जवळपास, पोचलं तर नळी मोकळी आहे. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते गंजलेलं चिंधीचं बोंडूक असेल किंवा दारू आणि गोळी असेल. बाहेरून फरक कळत नाही.

अशा वेळी स्वतः काही करायचं नाही. पाणी ओतायचं नाही, तेल ओतायचं नाही, उकरायचं तर अजिबात नाही. पोलीस ठाण्याला किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याला कळवा. त्यांच्याकडे हे काम करणारा माणूस असतो.

भरलेली नसली तरी घोडा ओढून चाप दाबून बघायचा मोह आवरा. दीडशे वर्षांची आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली तर तिचा जोड बाजारात मिळत नाही.

२. कागद काय म्हणतात ते बघा

आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात खांद्यावर बंदूक लटकवलेला माणूस बँकेच्या रांगेतही दिसतो, त्यामुळे लोकांना वाटतं की घरातल्या जुन्या बंदुकीचं कोण विचारतंय. विचारतात. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे आणि त्याच्या कलम २१ प्रमाणे परवानाधारक वारला की वारसाने शस्त्र विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. आम्ही विक्रेत्याकडे जमा केली. पुढची सगळी मापं मी त्याच्या दुकानात, त्याच्यासमोर घेतली.

आता ज्याच्यावर सगळे विसंबतात ते कलम ४५. जुनाट घडणीचं, पुराणवस्तूचं मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायद्यातून सूट आहे. लोक पहिलं अर्धं वाक्य वाचतात आणि खूश होतात. दुसरं अर्धं महत्त्वाचं. 'दुरुस्त करूनही वापरता येणार नाही' हे तुम्ही ठरवायचं नसतं, आणि नुसती जुनी आहे म्हणून सूट मिळत नाही. गंज काढला, निपल बदललं की चालू होईल अशी बंदूक त्यात बसेलच असं नाही. वकिलाला किंवा कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

वारसाने नावावर करून घ्यायची असेल तर ही कागदपत्रं जवळ ठेवा:

- मूळ लायसन्सचं पुस्तक, जुन्या नूतनीकरणांच्या पानांसकट
- मृत्यूचा दाखला
- बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र
- तुमचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो
- शस्त्र जमा केल्याची पावती
- रायफलचे फोटो आणि तुम्ही घेतलेली मापं

शेवटची गोष्ट कुणी मागत नाही, पण तीच कामाला आली. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर दोनपेक्षा जास्त बंदुका राहू शकत नाहीत, वारसाने आलेल्या धरूनसुद्धा. आधीच दोन असतील तर भावंडांशी बोलून ठेवा.

३. सामान

व्हर्निअर कॅलिपर (डिजिटल असेल तर उत्तम, साधाही चालतो), मोजपट्टी, बारीक टॉर्च, पातळ कागद, मऊ पेन्सिल, थोडं मेण, मऊ फडकं आणि एक वही. मोबाईलचा कॅमेरा आहेच.

काय आणायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं: पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ॲसिड. पितळेच्या भागाला चिंच-मीठ तर मुळीच नाही. आमच्या आत्याने दर दसऱ्याला दस्त्यावरचं पितळ चिंचेने घासून लखलखीत केलं होतं. त्यावरची अक्षरं आता बोटालाही लागत नाहीत.

४. घडण ओळखा, शिक्के नंतर

वय ठरवणारी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बंदूक कशी भरते आणि कशी पेटते. शिक्के खोटे असू शकतात. लॉकची पट्टी, म्हणजे घोडा आणि त्याचं यंत्र बसवलेली बाजूची पट्टी, दुसऱ्या बंदुकीची असू शकते. घडण मात्र खोटं बोलत नाही.

तोड्याची बंदूक असेल, म्हणजे जळती वात धरायला सापासारखा आकडा असेल, तर ती बहुधा देशी कारागिराची आहे. आपल्याकडे अशा बंदुका एकोणिसाव्या शतकातही बनत होत्या, त्यामुळे नुसत्या तोड्यावरून ती शिवकालीन ठरवू नका.

घोड्याच्या चिमट्यात गारगोटी धरायची सोय आणि समोर पोलादी झडप असेल तर ती चकमकीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची मुख्य बंदूक हीच, जिला इंग्रज शिपाई 'ब्राऊन बेस' म्हणत. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी याच तऱ्हेच्या बंदुकांवर लढल्या आणि महादजींचा युरोपीय सेनापती द बॉइन्ये याने त्यांच्यासाठी आग्र्याला कारखाना चालवला होता. तशी एखादी हाती लागली तर ती घरात ठेवायची वस्तू नाही, संग्रहालयाशी बोला.

गारगोटीच्या जागी छोटं निपल आणि त्यावर आपटणारा पोकळ डोक्याचा घोडा असेल तर ती टोपीची बंदूक. लष्करी टोपीच्या बंदुकांत आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडते ती १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड. हिच्याच काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चं रण पेटलं. तिची नळी ३९ इंच असते आणि लाकडाला धरून ठेवणारे तीन पट्टे असतात.

आता नीट बघा. टोपीच्या बंदुकीसारखाच घोडा आहे, पण नळीच्या मागच्या टोकाला उजवीकडे बिजागरीवर उघडणारा एक ठोकळा आहे का? मग ती स्नायडर. इंग्रजांनी १८६६ पासून जुन्या एनफील्डचा मागचा भाग कापून तिथे हा ठोकळा बसवला आणि ठासणीची बंदूक मागून भरायची करून टाकली. नळी, लाकूड, लॉक बहुतेक जुनंच. आमच्या बंदुकीला हा ठोकळा होता. गंजाने तो इतका घट्ट बसला होता की मला तो नळीचाच भाग वाटला. तेल लावून दोन दिवस ठेवल्यावर विक्रेत्याने अंगठ्याने उचलला, तेव्हा दुकानात बसलेली सगळी मंडळी उठून आली.

बाहेर घोडाच नाही, चापाच्या मागे खाली ओढायचा दांडा आहे आणि तो ओढला की वरचा ठोकळा खाली जातो? ती मार्टिनी-हेन्री, १८७१ पासूनची. बोल्ट आणि मॅगझिन असेल तर १८८८ ची ली-मेटफर्ड, १८९५ ची ली-एनफील्ड किंवा त्यानंतरची.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार दिलं. गोऱ्या शिपायाच्या हातात मार्टिनी आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली. म्हणून 'ही कधी बनली' आणि 'आपल्या भागात ही कधी वापरली' यांत वीसेक वर्षांचं अंतर सहज निघतं.

५. बोर मोजा

नळीचं तोंड फडक्याने पुसा. कॅलिपरचे आतले जबडे तोंडात घालून तीन वेगवेगळ्या दिशांनी माप घ्या. तोंड गजाने किंवा साफ करायच्या दोरीने झिजून लंबगोल झालेलं असतं, म्हणून सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, असतील तर दोन उंचवट्यांमधलं अंतर घ्यायचं. दोन खाचांमधलं माप जास्त येतं आणि तिथेच लोक फसतात.

आटे मोजायला मेण वापरा. नळीच्या तोंडाला आतून तेलाचा पुसट हात द्या, मऊ केलेल्या मेणाचा गोळा अर्धा इंच दाबा, गार झाल्यावर सरळ ओढून काढा. खाचा त्यावर उमटतात. १८५३ च्या एनफील्डला आणि तिच्यापासून केलेल्या स्नायडरला तीन खाचा, मार्टिनी-हेन्रीला सात, ली-एनफील्डला साधारणपणे पाच आणि त्या डावीकडे वळणाऱ्या.

आता मिलिमीटरचा अर्थ:

- १९ च्या आसपास, आत गुळगुळीत: ब्राऊन बेस, .७५ इंच
- १७.५, गुळगुळीत: .६९, फ्रेंच तऱ्हेची
- १६.७, गुळगुळीत, पण बाहेरून हुबेहूब एनफील्ड: .६५६. बंडानंतर हिंदी फौजेसाठी आटे नसलेल्या बंदुका काढल्या, लांबवर अचूक मारा होऊ नये म्हणून
- १४.७, आटे असलेली: .५७७, एनफील्ड किंवा स्नायडर
- ११.४: .४५०, मार्टिनी-हेन्री
- १०.४, गुळगुळीत, पण बाहेरून पक्की ली-एनफील्ड: .४१० मस्केट
- ७.७: .३०३

यातल्या तीन ओळींवर थोडं जास्त सांगतो. मार्टिनीच्या काडतुसाचं नाव .५७७/४५० असं जोडनाव आहे. .५७७ ची पुंगळी पुढे निमुळती करून तिच्यात .४५० ची गोळी बसवलेली. म्हणून कुठे '५७७' वाचलं की ती स्नायडरच, असं धरू नका. नळी मोजा.

.४१० मस्केट ही बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्याने .३०३ च्या रायफली मोठ्या करून, आटे काढून, पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी एका वेळी एकच काडतूस भरायची केली. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा असतो. तिचं काडतूस .३०३ च्या पुंगळीचं आहे, बाजारात मिळणाऱ्या .४१० शॉटगनच्या काडतुसाशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे, कारण .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोर आहे आणि त्याचे नियम वेगळे.

आणि .३०३ की ७.६२? हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी आहे. झिजलेल्या नळीत कॅलिपरने तो कळणार नाही. १९६० च्या दशकात ईशापूरने ली-एनफील्डच्याच साच्यात ७.६२ ची '२ए' आणि '२ए१' काढली. तिचं मॅगझिन जास्त चौकोनी दिसतं आणि शिक्क्यात '७.६२' लिहिलेलं असतं. असली रायफल पुराणवस्तू नाहीच.

कुठलंही काडतूस 'बसतंय का' म्हणून घालून बघू नका. बसणं आणि सुरक्षित उडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता लायसन्सवरच्या १२ बोरचं. जुन्या पद्धतीत बोर म्हणजे एका पौंड शिशात त्या मापाच्या किती गोळ्या होतात तो आकडा. १२ बोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर. आमची निघाली १४.७, म्हणजे त्या हिशोबाने चोवीस-पंचवीस बोरची. कधीतरी कुणीतरी न मोजता, एकनळी दिसली म्हणून १२ लिहून टाकलं आणि पुढची चाळीस वर्षं तेच नूतनीकरणात उतरत गेलं.

६. शिक्के वाचा

अक्षरं खरवडायची नाहीत. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचे ठसे काढायचो तसे. ठसा पुसट असेल तर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने चोळा आणि टॉर्च अगदी तिरपा धरा. रात्री अंधारात हे जास्त छान होतं.

बघायच्या जागा: लॉकची पट्टी, नळीचा मागचा भाग, मागचा ठोकळा किंवा बोल्ट, ली-एनफील्डमध्ये बोल्टच्या मुठीखालची लोखंडी कड, दस्त्याचं लाकूड आणि त्यावरची पितळी चकती.

मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर ईस्ट इंडिया कंपनीचं हत्यार. त्याआधीच्या बंदुकांवर बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरं असत. मुकुटाखाली व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, जी.आर. म्हणजे जॉर्ज. जी.आर.आय. असेल तर शेवटचं अक्षर सम्राटपदाचं आणि रायफल बहुधा ईशापूरची. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, बाणाखाली इंग्रजी आय म्हणजे हिंदुस्थान सरकार. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर फौजेने ती रीतसर विकून टाकलेली.

देवनागरी आकडे दिसले तर? आमच्याकडे लगेच म्हणतात, संस्थानचा शिक्का. असू शकतो. पण नेपाळच्या फौजेतल्या मार्टिनीसारख्या रायफलींवरही देवनागरी आकडे असतात आणि साल विक्रम संवताचं. १९५० लिहिलं असेल तर सत्तावन्न वजा करा, १८९३ येतं.

७. सालाच्या सापळ्यांत अडकू नका

पट्टीवरचं साल पट्टीचं असतं. आमच्या बंदुकीच्या लॉकवर मुकुट, 'टॉवर' (लंडनच्या टॉवरचा सरकारी शिक्का) आणि १८५८ आहे. ते वाचलं त्या दिवशी आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण राणी पडली ती जून १८५८ मध्येच. पण मागच्या ठोकळ्यावर रोमन दोन आणि त्यापुढे दोन चांदण्या आहेत. ही स्नायडरची खूण १८६७ ची. म्हणजे लॉक त्या सालचं खरं, पण ते इंग्लंडात घडलेलं. आज हातात आहे त्या रूपात ही बंदूक राणीनंतर नऊ वर्षांनी तयार झाली.

दुसरा सापळा: जुन्या एनफील्डच्या नळीवर '२४' किंवा '२५' कोरलेलं असतं. लोक ते १८२४, १८२५ वाचतात. तो बोर आहे, वर सांगितला तोच गोळ्यांचा हिशोब.

तिसरा सापळा म्हणजे सरहद्दीच्या नकला. खैबरच्या बाजूचे कारागीर इंग्रजी न येता शिक्के उतरवायचे. इंग्रजी एन उलटा, 'एनफील्ड'चं स्पेलिंग चुकलेलं, किंवा व्ही.आर. आणि खाली १९०७. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, सहा वर्षांनी तिचा शिक्का कोण मारणार?

एकाच बंदुकीवर तीन-चार सालं असतील तर घाबरू नका. नळी बदलली, कारखान्यात दुरुस्त झाली, मार्टिनीची .३०३ केली, प्रत्येक वेळी नवा ठसा. सगळी सालं वहीत जागेसकट लिहा. सगळ्यात जुनं साल म्हणजे भागाचा जन्म, घडण बदलल्याचं साल म्हणजे आजच्या बंदुकीचा.

८. विकायचा विचार असेल तर

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही. परदेशातला भाचा "इकडे खूप किंमत येईल" म्हणाला तर त्याला हे सांगा. समाजमाध्यमांवर 'विकणे आहे' म्हणून फोटो टाकू नका. कुणी घरी येऊन 'पाच हजारात नेतो, कागदांची काळजी नको' म्हणालं तर दार लावून घ्या. माझ्याकडे असे दोघं आले होते.

मी मापांचा कागद, ठशांचे कागद आणि फोटो जोडून लायसन्समधला बोर दुरुस्त करायचा अर्ज दिला. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत '.५७७ स्नायडर, एकनळी' असं लिहून मिळालं. आत्याला मी सगळं समजावून सांगितलं, ठोकळा, चांदण्या, १८६७, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. या दसऱ्याला माळ घालताना शेजारच्या मुलीला सांगत होती, "हिचा घोडा राणीच्या वेळचा, बरं का. बाकीचं मग जोडलं."